एकास चौसष्ट

खरं जहाज आपल्याला आधी बाजूने दिसतं. धक्क्यावर उभं राहिलं की समोर येते ती त्याची कूस आणि वरच्या डोलकाठ्या. डेक दिसतो तो शिडी चढून गेल्यावर. टेबलावरच्या प्रतिकृतीचं नेमकं उलट असतं. बघणारा वरून वाकतो आणि पहिली नजर पडते ती डेकवर. त्यातून बाकीच्या भागांवर काही ना काही आवरण असतं: कुशीला रंग, तळाला तांब्याचे पत्रे, वर दोरखंडांचं जाळं. डेकचं लाकूड मात्र उघडं राहतं. तरीही जहाज करणारे बरेच जण सगळ्यात कमी विचार डेकचाच करतात. पट्ट्या चिकटवल्या, दुकानातून 'वॉलनट' स्टेनचा डबा आणला, वरून चकचकीत पॉलिश मारलं की झालं. मग जहाजाऐवजी दिवाणखान्यातलं टीपॉय तयार होतं.

वाशीमसारख्या समुद्रापासून सरळ रेषेत चारशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या जिल्ह्यात हा उद्योग करायचा म्हटला, तर अडचण समुद्राची नसते. समुद्र नकाशात आणि पुस्तकांत भरपूर सापडतो. लाकूड, ऊन आणि पावसाळा या तीन गोष्टी मात्र इथल्याच असतात आणि डेक बिघडतो किंवा साधतो तो त्यांच्यामुळे.

उदाहरणाला एक खरं जहाज घेऊ. 'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत आहे. तिच्या नकाशांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईला पाठवलेला पहिला संच 'जावा' नावाच्या जहाजावर होता. डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज जिंकलं आणि नकाशे गेले. दुसरा संच येईपर्यंत काम अडलं. वाडियांसारख्या कारागिरालाही मापाशिवाय पुढे जाता येत नव्हतं, हे आपण ध्यानात ठेवलेलं बरं.

हे जहाज मलबारच्या सागाचं. ओक वापरणाऱ्या ब्रिटिशांना साग आवडला, त्याची कारणं रोकडी होती. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे आणि बोल्ट खातं. सागातलं तेल त्यांना उलट सांभाळतं. साग लवकर कुजत नाही आणि वाळताना फारसा वाकत नाही. मुंबईत बांधलेली लढाऊ जहाजं पुढे अनेक दशकं टिकली, त्यात कारागिरीइतकाच या झाडाचाही वाटा होता.

आता माप. 'त्रिंकोमाली'चा तोफांचा डेक सुमारे 150 फूट लांब आणि जहाजाची रुंदी सुमारे 40 फूट. एकास चौसष्ट प्रमाणात प्रतिकृती केली तर डेक साधारण 71 सेंटिमीटर लांब आणि 19 सेंटिमीटर रुंद होतो. त्या काळच्या अशा जहाजांवर डेकची फळी साधारण नऊ इंच रुंद धरली, तर आपली पट्टी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे सगळ्यात रुंद जागी शेजारी शेजारी पन्नासहून थोड्या जास्त पट्ट्या बसतात. कमी बसल्या तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण जहाज लहान वाटतं. दहा-दहा मिलिमीटरच्या पट्ट्या लावलेली कितीतरी देखणी जहाजं मी पाहिली आहेत. ती सगळी होडीसारखी दिसतात, कारण त्या हिशेबाने एकेक फळी दोन फूट रुंद झालेली असते.

लांबीचंही तेच. 71 सेंटिमीटरची अख्खी पट्टी टोकापासून टोकापर्यंत लावणं सोपं असतं, पण 150 फुटांची फळी द्यायला तसं झाड कुठे मिळणार? फळ्या वीस-पंचवीस फुटांच्या असत आणि त्यांचे जोड डेकखालच्या आडव्या तुळयांवरच येत, कारण खिळा ठोकायला खाली लाकूड हवं. समजा फळी 25 फुटांची आणि तुळया पाच-पाच फुटांवर. मग आपली पट्टी 119 मिलिमीटरची होते आणि तुळई दर 24 मिलिमीटरला येते. शेजारच्या फळीचा जोड त्याच तुळईवर आला तर डेक तिथे कमकुवत होतो, म्हणून जोड सरकवत न्यायचे. पहिल्या फळीचा जोड पहिल्या तुळईवर, दुसरीचा तिसऱ्या, तिसरीचा पाचव्या, चौथीचा दुसऱ्या, पाचवीचा चौथ्या, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. असं केलं की एकाच तुळईवरच्या दोन जोडांमध्ये चार अखंड फळ्या राहतात. कागदावर एक-तीन-पाच-दोन-चार असं लिहून समोर चिकटवून ठेवावं. रात्री अकरा वाजता पट्टी लावताना हे आकडे डोक्यात राहत नाहीत.

सुरुवात मधल्या रेषेपासून करायची आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक पट्टी वाढवत न्यायची. एका बाजूने सुरू केलं तर शेवटी राहिलेली फट कधीच पट्टीच्या मापाची नसते. शिवाय डेक सपाट नसतो. पाणी कडेला वाहून जावं म्हणून मध्ये किंचित उंच असतो, आणि नाळेकडे व मागे वर चढत जातो. खालच्या प्लायला ही वळणं आधी दिली नाहीत तर पट्ट्या ती देणार नाहीत.

नाळेकडे डेक निमुळता होतो तिथे खरा सुतार दिसतो. पट्टी कडेच्या वाकड्या फळीला तिरकी भिडते. तिथे ती तशीच टोकदार कापली की काम लवकर होतं, पण खऱ्या जहाजावर हे टोक टिकलं नसतं. दोन फळ्यांमधल्या फटीत लोखंडी छिन्नीने जुन्या दोरांचे डांबरलेले धागे ठोकून बसवत आणि वरून उकळतं डांबर ओतत. त्या ठोकाठोकीत पातळ टोक फुटून गेलं असतं. म्हणून फळीचं टोक बोथट ठेवून कडेच्या फळीत त्यासाठी खाच घेत. ठोकताळा असा आहे: तिरक्या कापाची लांबी पट्टीच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त होऊ लागली की खाच घ्यायची. साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीला म्हणजे सात मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जहाजाला हे शोभतं. सतराव्या शतकातलं जहाज करत असाल तर तिथे ही खाच उपरी वाटेल.

फटींतल्या डांबराची काळी रेघ हा डेकचा जीव. तीही मापातच हवी. खरी फट पाच-सहा मिलिमीटरची धरली तर प्रतिकृतीत ती 0.1 मिलिमीटरहून कमी होते, म्हणजे दिसेल न दिसेल इतकी. काही जण काळा कागद घालतात, तो बहुतेक वेळा जाड होतो. काही जण पट्टीच्या कडेला काळं मार्कर पेन फिरवतात, आणि इथे घात होतो. मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, चपडालाखेचं पॉलिशही स्पिरिटमध्येच केलेलं असतं. पॉलिशचा पहिला हात फिरला की शाई लाकडात पसरते. त्यापेक्षा मऊ पेन्सिल बरी, 4बी किंवा 6बी. पट्टीच्या एकाच कडेला ती घासायची, कारण दोन्ही कडा काळ्या केल्या की रेघ दुप्पट जाड होते. ग्राफाइट कशातच विरघळत नाही. त्याचा एकच दोष: वरून पॉलिश पेपर मारला की काळी भुकटी सगळ्या डेकवर माखते. म्हणून घासायचं नाही, खरवडायचं. आपल्याकडचे सुतार पूर्वी काचेच्या तुकड्याच्या धारेने लाकूड खरवडून गुळगुळीत करत. तीच युक्ती इथे लागू पडते, किंवा दाढीचं नवं ब्लेड उभं धरून लाकडाच्या रेषेने ओढावं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ साल निघते आणि रेघा जागच्या जागी राहतात.

लाकूड कुठलं, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर थोडं उलटं आहे. वाशीम जिल्ह्याच्या रानात, मानोरा-कारंजा-मालेगावकडे, साग आहे. बांधावर लावलेला सागही पुष्कळ. कारंजा लाडच्या काष्ठासंघ जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहिलं की या भागात लाकडावर कसलं काम होऊन गेलं ते कळतं. जहाज सागाचं आणि साग घराजवळ, तेव्हा डेकही सागाचाच करावा असं कुणालाही वाटेल. पण सागाचा आडवा काप भिंगाखाली धरा. वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला जी छिद्रं तयार होतात ती मोठी असतात, एकेक 0.2 ते 0.3 मिलिमीटरची. खऱ्या फळीत ती नजरेत भरत नाहीत. एकास चौसष्टमध्ये तेच छिद्र 13 ते 19 मिलिमीटरचं ठरतं, म्हणजे खलाशाचं बोट जाईल एवढं भोक. उभ्या कापात हीच छिद्रं लांब काळसर चिरा होऊन दिसतात आणि स्टेन त्यांत साचतो.

म्हणून सागाचं जहाज दाखवायला दुसरं, बारीक पोताचं लाकूड बरं पडतं. हळदूचं लाकूड पिवळसर, सारख्या पोताचं असतं. शिवण फिकट आणि कापायला मऊ. काळ्या कुड्याचं लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं आणि अतिशय बारीक. चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याचीच होतात. हे तिन्ही वृक्ष आपल्या पानझडी जंगलांतले आहेत, पण तोडायला जायची गरज नाही आणि परवानगीशिवाय तसा हक्कही नाही. आरा मशीनवर आणि फर्निचरवाल्याकडे जे तुकडे जळणात जातात त्यांत वर्षभराचा माल मिळतो.

सागच वापरायचा हट्ट असेल तर सुतार जो भाग टाकून देतो तो मागावा. पंधरा-वीस वर्षांच्या बांधावरच्या सागात गाभ्याभोवतीचा फिकट भाग बराच असतो. 'कच्चा साग' म्हणून दाराला, पलंगाला तो नको असतो, कारण तो कुजतो आणि त्याला कीड लागते. काचेच्या पेटीतल्या जहाजाला कुजण्याची भीती नाही आणि फिकट रंग तर आपल्याला हवाच आहे. फक्त किडीकडे लक्ष ठेवावं. पिठासारखी बारीक भुकटी खाली दिसली की ती पट्टी बाहेर काढायची. गाभ्याचा साग असेल तर चिकटवण्याआधी त्याचं तेल थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावं, नाहीतर फेविकॉल धरत नाही.

आता हवामान. मे महिन्यात वाशीमचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवेत ओल जवळपास नसते. लाकूड तेव्हा पुरतं आकसलेलं असतं. त्याच दिवसांत शाळांना सुट्टी असते, हौशी माणसाला वेळ असतो आणि तो डेकच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवतो. श्रावणात त्याच पट्ट्या ओल पितात. सागासारखं शांत लाकूडही या दोन टोकांमध्ये रुंदीत एक-दीड टक्का हलतं. 19 सेंटिमीटरच्या डेकवर ते दोन-तीन मिलिमीटर होतात. कडेला तेवढी जागा कुठेच नसते, मग मधल्या पट्ट्या वर उचलल्या जातात. उपाय साधा आहे: हे काम पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे करावं. तेव्हा हवा ना फार ओली ना फार कोरडी. पट्ट्या कापून त्याच खोलीत काही आठवडे मोकळ्या ठेवाव्यात आणि खालच्या प्लायला दोन्ही बाजूंनी सीलर द्यावा.

रंगाबद्दल माझं मत थोडं एकांगी आहे. खऱ्या डेकला कुणी स्टेन लावत नसे. त्याला रंग यायचा तो वापराने. खलाशी रोज सकाळी वाळू, समुद्राचं पाणी आणि वालुकाश्माचे ठोकळे घेऊन गुडघ्यांवर बसून डेक घासत. वर ऊन आणि मीठ. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन मोडतं, पाण्याने ते धुऊन जातं आणि मागे राखाडी-पांढुरका थर उरतो. उन्हापावसात राहिलेल्या सागाच्या जुन्या दारावर तो आपण पाहतोच. काचेच्या पेटीत हे आपोआप कधीच होणार नाही. म्हणून रंग द्यायचा तो या वापराचा. तांबूस-सोनेरी, फर्निचरचा रंग डेकवर शोभत नाही. शिवाय लहान वस्तू खऱ्या रंगात रंगवली की गडद दिसते, कारण खरी वस्तू आपण लांबून, मधल्या हवेतून पाहिलेली असते. नमुन्याच्या तुकड्यावर रंग बरोबर वाटला की डेकवर त्याहून एक पायरी फिका घ्यावा.

स्टेन का डागाळतो, हेही समजून घेतलेलं बरं. रंगद्रव्य लाकडाच्या छिद्रांत आणि ओरखड्यांत अडकतं. फळीच्या टोकाला छिद्रं उघडी असतात, तिथे ते जास्त शोषलं जातं आणि जोड काळा पडतो. जिथे फेविकॉल पसरून वाळला आहे तिथे ते शिरतच नाही आणि पांढरा ठिपका राहतो. असा ठिपका स्टेन लावेपर्यंत दिसत नाही, हा त्याचा दुष्टपणा. चिकटवतानाच ओल्या फडक्याने पुसावं, सगळं खरवडून झाल्यावर पातळ सँडिंग सीलरचा एक हात द्यावा, मग स्टेन. फळीफळीत किंचित फरक हवा असेल तर पट्ट्या लावण्याआधीच तीन-चार गठ्ठे करून कोऱ्या चहाच्या कमी-जास्त कडक पाण्यात बुडवून वाळवाव्यात. फरक इतकाच ठेवावा की शोधल्याशिवाय दिसू नये.

राखाडी छटेसाठी बाजारातल्या डब्यापेक्षा जुनी रसायनं सरस आहेत. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस दोन-तीन दिवस ठेवला की लोहाचा क्षार तयार होतो. लाकडात टॅनिन असेल तर त्याच्याशी संयोग होऊन निळसर-राखाडी रंग उमटतो, आणि द्रावण तीव्र असेल तर शाईसारखा काळा. हळदू-कुड्यासारख्या फिकट लाकडाला आधी हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्याचा हात द्यावा. दोन्हींत टॅनिन भरपूर असतं. बाभळीची साल कातडी कमवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती त्याचमुळे. वाशीमला बाभूळ शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. लोखंडाचं पाणी मात्र खूप पातळ करून लावावं आणि रंग पूर्ण उमटायला रात्रभर थांबावं. घाई करून दुसरा हात दिला की सकाळी डेक कोळशासारखा सापडतो.

हेच रसायन नको तिथेही काम करतं. पॉलिशची चकाकी मारायला बरेच जण स्टील वूल घासतात. त्याचे सूक्ष्म कण पट्ट्यांच्या फटीत राहतात आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे काळे ठिपके उमटतात. भांडी घासायची हिरवी घासणी हलक्या हाताने फिरवली तर चकाकी तेवढीच मरते आणि लोखंडाचा प्रश्न येत नाही. चपडालाखेचे दोन पातळ हात पुरे. खिळ्यांवरच्या लाकडी गुड्या दाखवायच्या की नाही यावर हौशी मंडळींत वाद असतो. खरी गुडी इंचभराची, म्हणजे आपल्याकडे 0.4 मिलिमीटर, आणि ती फळीच्याच लाकडाची. मी तरी त्या सोडून देतो. ठळक काळ्या ठिपक्यांच्या रांगांनी चांगल्या डेकचा सत्यानाश झालेला मी पाहिला आहे.

हे सगळं खिळे ठोकून आणि डांबर भरून केलेल्या जहाजाचं झालं. वाशीमच्या माणसाला आणखी एक जहाज जवळचं आहे. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवलं, तसा शिलालेखच तिथे आहे. 2 क्रमांकाच्या लेण्यातलं जहाजाचं प्रसिद्ध चित्र बरेच अभ्यासक त्याच काळाच्या आसपासचं, पाचव्या शतकाचं मानतात. तीन डोलकाठ्या, नाळेवर काढलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही आणि आत ओळीने ठेवलेली मडकी त्यात दिसतात. या चित्रावरून गोव्यात 'कौंडिण्य' हे जहाज बांधलं गेलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, खिळे वापरले नाहीत. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचलं. लांबी सुमारे 20 मीटर, रुंदी साडेसहा मीटर. एकास पन्नासमध्ये ते 40 सेंटिमीटरच्या आत बसतं, म्हणजे लहान घरालाही परवडणारं.

इथे वरचे निम्मे नियम बाजूला ठेवावे लागतात. युरोपीय डेकच्या काळ्या रेघा सवयीने काढू नयेत, कारण शिवलेल्या जहाजाची नजरेत भरणारी खूण म्हणजे फटींवरून गेलेले दोरीचे टाके. भोकं 0.5 मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून तपकिरी सुती दोरा ओवला की ते दिसतात. दोऱ्याचे सुटे तंतू आधी मेण लावून बसवावेत, नाहीतर ते काथ्यासारखे न दिसता केसाळ दिसतात. रंगही राखाडी नको. शिवलेल्या होड्यांना तेल चोळत, त्यामुळे लाकूड गडद आणि ओलसर दिसे. त्यासाठी जवसाचं तेल उत्तम. विदर्भात जवस चटणीसाठी घरोघर असतो, पण खाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्यावं. ते वर्षागणिक पिवळसर-तपकिरी होत जातं, म्हणून 'त्रिंकोमाली'च्या डेकला वर्ज्य आणि इथे नेमकं हवं तसं. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना हे तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं, बोळा घट्ट असेल तर आपोआप पेट घेतो, आणि वाशीमच्या मे महिन्यात त्याला फारसा वेळ लागत नाही. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा अंगणात एकेक पसरून वाळवावीत, मगच टाकावीत.